रक्तातल्या लहान रेणूंची साक्ष: प्रस्तावना

खडकीतले पन्नाशीचे दोन पुरुष डोळ्यांसमोर आणा. एक दारूगोळा कारखान्यात अंगमेहनतीचे काम करणारा, दंडा-मांड्यांनी भरलेला. दुसरा निवृत्त जवान. मणक्याला इजा झाल्यापासून कमरेखालचे शरीर लुळे पडलेले, व्हीलचेअरवर वावरणारा. दोघांचे रक्त एकाच दिवशी तपासले आणि दोघांच्याही रिपोर्टवर क्रिएटिनिन १.० मिलिग्रॅम आले. शेजारी छापलेल्या मर्यादेत हा आकडा आरामात बसतो. वय, लिंग आणि हा आकडा प्रचलित सूत्रात घातला, तर दोघांच्याही किडन्यांचा गाळण्याचा वेग मिनिटाला ९० मिलिलीटरच्या आसपास निघतो. पहिल्याला ‘सगळे ठीक आहे’ असे सांगायला सहसा हरकत नाही. दुसऱ्याला तेच सांगणे ही मोठी चूक ठरू शकते.

कारण साधे आहे. क्रिएटिनिन मुख्यतः स्नायूंत तयार होते. स्नायूंतल्या क्रिएटिनचा थोडा भाग रोज आपोआप क्रिएटिनिनमध्ये बदलतो, रक्तात उतरतो आणि किडनी तो लघवीवाटे बाहेर टाकते. जितके स्नायू, तितकी निर्मिती. जवानाच्या मांड्या आणि पोटऱ्या वाळलेल्या आहेत. त्याच्या शरीरात क्रिएटिनिन मुळातच कमी तयार होते. तरीही रक्तातली पातळी धडधाकट कामगाराइतकीच असेल, तर ते बाहेर पडणेही तितकेच मंदावले आहे. त्याची किडनी थकलेली असू शकते आणि रिपोर्टवर त्याचा मागमूसही नसतो.

खडकीत हे उदाहरण केवळ समजावण्यापुरते नाही. पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटर १९७४ पासून इथे आहे आणि इथल्या लष्करी रुग्णालयात मणक्याच्या दुखापतींवर खास उपचार होतात. दुसऱ्या महायुद्धानंतरची कित्येक वर्षे मणक्याला इजा झालेल्यांच्या मृत्यूचे प्रमुख कारण किडनी निकामी होणे हेच होते. ज्यांच्या किडनीवर सर्वांत बारीक लक्ष ठेवायला हवे, त्यांच्याच बाबतीत सर्वांत प्रचलित तपासणी तोकडी पडते. उपाय आहेत. चोवीस तासांची लघवी जमा करून प्रत्यक्ष किती क्रिएटिनिन बाहेर पडले ते मोजता येते. सिस्टॅटिन-सी हे प्रथिन तपासता येते. शरीरातल्या जवळजवळ सगळ्या पेशी ते तयार करतात आणि स्नायू कमी-जास्त असल्याने त्याच्या पातळीत फारसा फरक पडत नाही. पण त्यासाठी आधी कुणीतरी आकड्यावरून नजर उचलून समोरच्या माणसाकडे पाहावे लागते.

या पुस्तकाचा विषय तोच आहे. मधुमेह, किडनीचे विकार, हृदयविकार, गाऊट, जीवनसत्त्वांच्या अभावाने होणारी मज्जातंतूंची हानी असे वर्षानुवर्षे सोबत राहणारे आजार रक्तातल्या आणि लघवीतल्या लहान रेणूंवरून कसे ओळखायचे आणि त्याच रेणूंच्या आधारे एकेका रुग्णाचा उपचार कसा बेतायचा, हे पुढच्या प्रकरणांत सविस्तर येईल. त्याआधी या विद्येची वाट आणि तिच्यातले पुण्याचे स्थान सांगणे हे या प्रस्तावनेचे काम.

लहान रेणू म्हणजे किती लहान? हिमोग्लोबिनचा रेणू सुमारे ६४,५०० डाल्टन वजनाचा असतो. त्याच्यापुढे ग्लुकोज १८०, युरिक अ‍ॅसिड १६८, होमोसिस्टीन १३५, क्रिएटिनिन ११३ आणि युरिया जेमतेम ६० डाल्टनचा. साधारणपणे हजार-दीड हजार डाल्टनच्या आतले साखर, अमायनो आम्ले, मेदाम्ले, जीवनसत्त्वे आणि पचन-उत्सर्जनातले अवशेष या गटात मोडतात. जनुके काय होऊ शकते ते सांगतात. हे रेणू या क्षणी शरीरात काय चालले आहे ते सांगतात. काल रात्रीचे जेवण, सकाळी घेतलेली गोळी, आतड्यातले जिवाणू, अपुरी झोप, किडनीची ताकद, सगळ्याची छाप त्यांच्यावर उमटते. त्यांचे सामर्थ्य याच्यातच आहे आणि त्यांना वाचण्यातली अडचणही याच्यातच आहे.

ही विद्या जुनी आहे. प्रमेहाच्या रुग्णाच्या शरीराकडे आणि मूत्राकडे मुंग्या ओढल्या जातात, हे चरकसंहितेत नोंदवलेले आहे. लघवीतला हा गोडवा साखरेचाच आहे, हे इंग्लंडच्या मॅथ्यू डॉब्सन यांनी १७७६ मध्ये लघवी आटवून दाखवले आणि रुग्णाचे रक्तही गोड असते हे नोंदवले. १८४८ मध्ये आल्फ्रेड गॅरॉड यांनी गाऊटच्या रुग्णांच्या रक्तात युरिक अ‍ॅसिड वाढलेले दाखवले. पुढे त्यांनी त्यासाठी अगदी साधी चाचणी बसवली: काचेच्या उथळ बशीत रक्तद्रव घ्यायचा, त्यात थोडे अ‍ॅसेटिक आम्ल घालायचे, लिननचा एक धागा टाकायचा आणि एक-दोन दिवस वाट पाहायची. युरिक अ‍ॅसिड जास्त असेल तर धाग्यावर स्फटिक धरतात.

त्यांचे चिरंजीव आर्चिबाल्ड गॅरॉड यांनी वडिलांच्या पुढे पाऊल टाकले. काही माणसांची लघवी हवेत ठेवली की काळी पडते. होमोजेंटिसिक अ‍ॅसिड नावाचा एक रेणू त्यांच्या शरीरात पुढे मोडला जात नाही. हा विकार विशिष्ट घराण्यांत दिसतो, आणि जवळच्या नात्यात लग्ने झालेल्या घरांत अधिक, हे त्यांनी टिपले. १९०२ मध्ये त्यांनी मांडले की माणसे नाका-डोळ्यांनी वेगळी असतात तशी शरीरातल्या रसायनांनीही वेगळी असतात. व्यक्तीनुसार उपचार या कल्पनेचा पाया तिथे घातला गेला. आज तिच्याभोवती कितीही महागडी यंत्रे उभी राहिली असली, तरी मूळ विचार तोच आहे.

आता क्रिएटिनिनच्या तपासणीकडे जरा जवळून पाहू, कारण तिचे खडकीशी एक नाते आहे. १८८६ मध्ये जर्मन शास्त्रज्ञ मॅक्स याफे यांना आढळले की अल्कलीयुक्त द्रावणात पिक्रिक अ‍ॅसिड आणि क्रिएटिनिन एकत्र आले की पिवळा रंग नारिंगी-तांबूस होतो. पिक्रिक अ‍ॅसिड म्हणजे ट्रायनायट्रोफेनॉल; टीएनटीच्या कुळातला पदार्थ. आधी त्याने रेशीम पिवळे रंगवत. याफे यांचा शोध लागला त्याच दशकात युरोपातल्या सैन्यांनी ते तोफगोळ्यांत भरायला घेतले. १८६९ पासून दारूगोळ्याचा कारखाना असलेल्या खडकीला या कुळातल्या पदार्थांचा धाक नव्याने सांगायला नको. कोरडे पिक्रिक अ‍ॅसिड धक्क्याने उडते, म्हणून जुन्या प्रयोगशाळांत ते पाण्याने ओले ठेवण्याची शिस्त होती.

बाजारातल्या साध्या लॅबमध्ये आजही हीच प्रक्रिया वापरात आहे. आता पिक्रिक अ‍ॅसिड पातळ द्रावणाच्या तयार बाटलीत येते. रक्तद्रवाचे काही मायक्रोलीटर त्यात पडतात, रंग पालटू लागतो आणि यंत्र ठरावीक सेकंदांच्या खिडकीतच तो मोजते. खिडकी आखून घ्यावी लागते, कारण पिक्रिक अ‍ॅसिडशी जुळणारे क्रिएटिनिन एकटे नाही. अ‍ॅसिटोअ‍ॅसिटेट हे किटोन सुरुवातीच्या क्षणांतच रंग देऊन मोकळे होते, तर प्रथिने सावकाश देत राहतात. मधुमेहात किटोन वाढलेल्या रुग्णाचे क्रिएटिनिन त्यामुळे खोटेच जास्त दिसू शकते. कावीळ झालेल्याचे बिलिरुबिनमुळे खोटेच कमी. रात्री मटणाचा बेत झाला असेल तर सकाळचा आकडा थोडा चढतो, कारण मांस शिजताना त्यातल्या क्रिएटिनचे क्रिएटिनिन होते. एन्झाइमवर आधारलेली पद्धत या बाबतीत अधिक खात्रीची, पण महाग. रिपोर्टवर पद्धतीचे नाव बारीक अक्षरात छापलेले असते. ते वाचायची सवय डॉक्टरांनी आणि रुग्णांनीही लावून घ्यावी, असा आग्रह या पुस्तकात जागोजागी दिसेल.

लहान रेणूंच्या या कहाणीत पुणे दूरचा प्रेक्षक नाही. खडकीहून लोकलने किंवा रिक्षाने सहज गाठता येणाऱ्या रास्ता पेठेतल्या के.ई.एम. रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मधुमेहावर अनेक दशके जे काम केले, त्याने भारतीय शरीराकडे पाहण्याची जगाची नजर बदलली. त्यातला बी-१२ जीवनसत्त्वाचा भाग या पुस्तकासाठी सर्वांत मोलाचा आहे.

बी-१२ शरीरात मुख्यतः दोन एन्झाइमांना हात देते. एक होमोसिस्टीनचे मेथिओनीन करते. त्याला फोलेटचीही गरज असते. दुसरे मिथाइलमॅलोनिक आम्लाचा मार्ग मोकळा ठेवते. तिथे फोलेटचा संबंध नाही. बोपोडीच्या चौकात रस्ता अडला की वाहनांची रांग मागे खडकीपर्यंत तुंबते, तसे एन्झाइम अडले की त्याच्या अलीकडचा रेणू रक्तात साचतो. कुठला साचला यावरून कुठे अडले ते कळते. होमोसिस्टीन आणि मिथाइलमॅलोनिक आम्ल दोन्ही चढले तर बी-१२ कमी. नुसते होमोसिस्टीन चढले तर संशय फोलेटवर. किडनी अधू असेल तर मात्र दोन्ही रेणू त्या कारणानेच वाढलेले असू शकतात, म्हणून क्रिएटिनिन सोबत पाहिल्याशिवाय निदान पुरे होत नाही. एका रेणूची साक्ष दुसऱ्याने पडताळायची, ही या शास्त्राची मूळ रीत.

२००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नॉर्वेच्या हेल्गा रेफ्सम, डॉ. याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी पुण्यातल्या २०४ प्रौढांचे रक्त या रीतीने तपासले. नुसती बी-१२ची पातळी पाहिली, तर ४७ टक्के लोक कमतरतेच्या रेषेखाली होते. मिथाइलमॅलोनिक आम्ल मात्र ७३ टक्क्यांमध्ये वाढलेले होते आणि होमोसिस्टीन ७७ टक्क्यांमध्ये. म्हणजे जीवनसत्त्वाची पातळी ‘चालेल’ असे म्हणत असताना पेशींतले काम बऱ्याच जणांमध्ये अडलेले होते. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या अभ्यासात ग्रामीण भाग, झोपडपट्टी आणि शहरी मध्यमवर्ग अशा तिन्ही थरांतले ४४१ मध्यमवयीन पुरुष होते. त्यांतल्या ६७ टक्क्यांचे बी-१२ लिटरला १५० पिकोमोलपेक्षा कमी निघाले. आपल्याकडच्या रिपोर्टच्या भाषेत सुमारे २०० पिकोग्रॅमच्या खाली. शहरी मध्यमवर्गात हे प्रमाण ८१ टक्के होते. अभाव गरिबाघरीच असतो ही आपली समजूत इथे कोलमडते. बी-१२ प्राणिजन्य अन्नातूनच मिळते. शाकाहारी घरात दूध-दही हाच त्याचा आधार, आणि चहात पडणाऱ्या चमचाभर दुधाने ही गरज भागत नाही.

याच चमूने १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांत गर्भवती स्त्रियांचा अभ्यास सुरू केला आणि त्यांच्या मुलांना वर्षानुवर्षे पाहत राहिले. नवजात बाळे वजनाने हलकी होती, पण त्यांच्या अंगात स्नायू कमी आणि चरबी त्या मानाने जास्त होती. २००८ मध्ये त्यांनी मांडले की ज्या मातांचे बी-१२ कमी आणि फोलेट जास्त होते, त्यांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षी इन्सुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती सर्वांत जास्त होती. याचा अर्थ गरोदरपणात फोलिक अ‍ॅसिड घेऊ नये असा मुळीच नाही. बाळाच्या मज्जारज्जूच्या वाढीसाठी ते हवेच. अर्थ इतकाच की सगळ्या मातांना एकच गोळी वाटताना त्यांच्या ताटात आधीच काय कमी आहे हे पाहिले पाहिजे. या अभ्यासातली मुले वयात आल्यावर त्यांना बी-१२ देऊन पुढच्या पिढीवर होणारा परिणाम पाहण्याचा ‘प्रिया’ हा प्रयोग २०१२ मध्ये हाती घेतला गेला. एका रेणूचा माग तीन पिढ्यांपर्यंत काढण्याचे असे धैर्य जगात फार थोड्या ठिकाणी दिसते, आणि ते आपल्या पुणे जिल्ह्यातल्या खेड्यांत घडले याचा मला मनापासून अभिमान वाटतो.

२००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात डॉ. याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचे एक छायाचित्र छापून आले. दोघांचाही उंची-वजनाचा निर्देशांक तंतोतंत २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. शेजारी शेजारी उभे असलेले हे दोन डॉक्टर जगभरच्या वर्गांत आजही दाखवले जातात. एकच आकडा दोन शरीरांत दोन वेगळ्या गोष्टी सांगतो, हे यापेक्षा स्पष्टपणे दाखवणे अवघड आहे.

निदानाकडून उपचाराकडे वळू. खडकीतल्या कुठल्याही डॉक्टरांच्या दवाखान्यात मधुमेहाचे रुग्ण असतातच आणि त्यांतल्या बहुतेकांच्या चिठ्ठीवर मेटफॉर्मिन असते. हे औषध जुने, स्वस्त आणि गुणी आहे. पण ते दीर्घकाळ घेतले की काही जणांचे बी-१२ उतरते. ज्या शहरात आधीच निम्म्याहून अधिक लोकांचे बी-१२ कमी, तिथे याकडे दुर्लक्ष करून चालत नाही. रुग्ण सांगतो, ‘डॉक्टर, तळपायाला मुंग्या येतात, रात्री आग होते.’ उत्तर मिळते, ‘शुगरमुळे.’ बऱ्याचदा ते खरे असते. पण बी-१२च्या अभावानेही नेमके हेच होते, दोन्ही कारणे एकत्रही असू शकतात, आणि त्यांतले दुसरे वेळीच सापडले तर बरे करण्याजोगे आहे. फार उशीर झाला तर मज्जातंतूंची हानी पुरती भरून येत नाही. वर्षानुवर्षे मेटफॉर्मिन घेणाऱ्याचे बी-१२ अधूनमधून तपासणे, शंका असेल तर होमोसिस्टीन किंवा मिथाइलमॅलोनिक आम्ल पाहणे, ही व्यक्तीनुसार उपचाराची अगदी आवाक्यातली पायरी आहे.

याच औषधाची मात्रा क्रिएटिनिनवरून ठरते. गाळण्याचा वेग मिनिटाला ४५ मिलिलीटरच्या खाली गेला की मात्रेचा फेरविचार करतात, ३० च्या खाली गेला की औषध थांबवतात. सुरुवातीला सांगितलेला जवान मधुमेहीही असेल, तर फसव्या आकड्यावर बेतलेली मात्रा त्याला थेट अपाय करू शकते. सूत्रांमध्येही माणसाविषयीचे गृहीत दडलेले असते. किडनीच्या प्रचलित अमेरिकी सूत्रात कृष्णवर्णीयांसाठी वेगळा गुणक होता. तो २०२१ मध्ये काढून टाकला गेला. भारतीयांच्या कमी स्नायूंसाठी आणि शाकाहारासाठी त्या सूत्रात आजही काही तजवीज नाही.

मधुमेहाचे प्रकारही आता नव्याने पारखले जात आहेत. २०१८ मध्ये स्वीडनमधल्या संशोधकांनी प्रौढांच्या मधुमेहाचे पाच गट पाडले. पुण्यात कमी वयात टाईप-२ मधुमेह झालेल्यांना हीच कसोटी लावल्यावर, २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात निम्म्याहून अधिक रुग्ण इन्सुलिनच तोकडे पडणाऱ्या गटात निघाले. वजन घटवा हा सल्ला सर्वांना सरसकट देणाऱ्यांनी यावर विचार करायला हवा. ज्याच्या अंगात आधीच मांस नाही, त्याला आणखी उपाशी ठेवून काय साधणार?

उपचार आकड्याच्या बोटाला धरून कसा चालतो याचे सर्वांत सुंदर उदाहरण फिनाइलकीटोनुरियाचे आहे. या जन्मजात विकारात फिनाइलअ‍ॅलानीन हे अमायनो आम्ल साचते आणि मेंदूची वाढ खुंटते. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला रॉबर्ट गथ्री यांनी बाळाच्या टाचेतून घेतलेले रक्ताचे थेंब कागदावर वाळवून ते ओळखण्याची पद्धत दिली. निदान झालेल्या प्रत्येक मुलाचा आहार त्याच्या रक्तातल्या पातळीनुसार मोजूनमापून ठरतो. पातळी चढली की आहार बदलतो. मतिमंदत्व अटळ मानले जाई ती मुले आज शाळेत जातात, नोकरी करतात. आपल्याकडे अशी तपासणी प्रत्येक बाळाला मिळावी ही मागणी या पुस्तकाने केली आहे आणि तिच्यामागे मी पूर्ण शक्तीने उभा आहे.

उत्साहाच्या भरात एक इशारा विसरून चालणार नाही. १९६९ मध्ये किल्मर मॅककुली यांनी होमोसिस्टीन वाढलेल्या मुलांच्या रोहिण्या खराब झालेल्या पाहिल्या आणि हृदयविकाराशी त्याचा संबंध जोडला. पुढच्या अनेक अभ्यासांत होमोसिस्टीन जास्त असलेल्यांना हृदयविकार अधिक आढळला. मग बी-जीवनसत्त्वे देऊन ते उतरवावे, असे वाटणे साहजिक होते. २००६ मध्ये दोन मोठ्या चाचण्यांचे निकाल एकदमच प्रसिद्ध झाले. होमोसिस्टीन खरोखर उतरले होते, पण हृदयविकाराचे झटके कमी झाले नव्हते. आजाराची खूण म्हणजे आजाराचे कारण नव्हे. मज्जातंतूंसाठी आणि रक्तासाठी बी-१२चा अभाव भरून काढायलाच हवा, पण ‘होमोसिस्टीन उतरवा, हृदय वाचवा’ असे आश्वासन देणे बरोबर नाही. २०११ मध्ये अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅम अभ्यासातून आयसोल्यूसीन, ल्यूसीन, व्हॅलीन, टायरोसीन आणि फिनाइलअ‍ॅलानीन ही पाच अमायनो आम्ले मधुमेहाची चाहूल १२ वर्षे आधी देतात असे दिसले. मास स्पेक्ट्रोमीटर आज रक्ताच्या थेंबातून शेकडो रेणू एका दमात मोजतो. अशा प्रत्येक नव्या खुणेला हाच प्रश्न विचारावा लागेल: ती ओळखल्याने रुग्णाच्या आयुष्यात काही चांगला बदल होतो का?

नमुना कसा हाताळला जातो, हेही निदानाइतकेच महत्त्वाचे आहे. नळीत काढलेल्या रक्तातल्या पेशी जिवंत असतात आणि साखर खात राहतात. साध्या तापमानाला ग्लुकोज तासाला ५ ते ७ टक्के उतरते. म्हणून ते फ्लोराइडच्या करड्या टोपणाच्या नळीत घेतात. होमोसिस्टीनचे उलटे: तांबड्या पेशी ते सोडत राहतात आणि पातळी तासाला सुमारे १० टक्के चढू शकते, म्हणून नळी बर्फात ठेवून रक्तद्रव लवकर वेगळा करावा लागतो. सकाळी सातला घरी येऊन रक्त नेणारा मुलगा दुचाकीवरून आणखी चार घरे करत, एप्रिलच्या उन्हात, दहाला लॅबमध्ये पोहोचत असेल, तर त्या रिपोर्टमधला काही भाग आजाराचा आणि काही रस्त्याचा असतो. त्या मुलाला बर्फाची पेटी आणि पुरेसा वेळ देणे हे लॅबचे कर्तव्य आहे. या दोन्ही गोष्टी मागणे हा रुग्णाचा हक्क आहे.

आणि शेवटी ‘फुल बॉडी चेकअप’. रिपोर्टवर छापलेली मर्यादा बहुधा निरोगी माणसांच्या मधल्या ९५ टक्क्यांची असते. म्हणजे दर तपासणीत निरोगी असूनही २० पैकी एक जण बाहेर पडणारच. एकमेकांशी संबंध नसलेल्या २० तपासण्या एकदम केल्या, तर पूर्ण निरोगी माणसाचाही किमान एक आकडा ठळक अक्षरात छापून येण्याची शक्यता ६४ टक्के. त्या एका आकड्यापायी पुढच्या तपासण्या, औषधे, झोप उडणे. युरिक अ‍ॅसिड थोडे वाढलेले, पण सांधा कधीच दुखलेला नाही, अशा कित्येकांना विनाकारण गोळी सुरू होते. उलट मर्यादेच्या आतही धोका लपू शकतो. क्रिएटिनिन ०.७ वरून १.१ झाले तर दोन्ही रिपोर्ट नॉर्मल, पण त्या व्यक्तीच्या बाबतीत आकडा दीडपटीहून जास्त झाला आहे. हे फक्त जुना रिपोर्ट शेजारी ठेवला तरच दिसते.

म्हणून या पुस्तकाचा वाचकाला पहिला सल्ला फुकटात पाळण्यासारखा आहे: आपले सगळे रिपोर्ट तारखेनिशी एका फायलीत ठेवा, शक्यतो एकाच लॅबमध्ये, सारख्या वेळी, सारख्या पद्धतीने तपासा. आपण काय खातो, कुठल्या गोळ्या घेतो, कुठले काम करतो, हे विचारले नाही तरी सांगा. डॉक्टरांना विनंती आहे की चिठ्ठीवर तपासणी लिहिताना तिच्या उत्तराने उपचारात काय बदलणार आहे हे आधी ठरवावे. लॅबचालकांनी पद्धत, नळी आणि नमुना पोहोचल्याची वेळ रिपोर्टवर छापावी. याला ना जनुकांचा नकाशा लागतो, ना कोट्यवधींचे यंत्र.

यंत्रे येतील आणि यावीतही. पण ज्या शरीरांवरून जगाच्या मर्यादा ठरल्या, त्यांत आपली शरीरे फार थोडी होती. पुण्याजवळच्या सहा गावांनी आपल्या माता आणि मुले मोजायला दिली, तेव्हा कुठे आपल्याविषयी काही खरे कळले. अशी मोजणी खडकीच्या कामगार वस्तीत, कॅन्टोन्मेंटच्या रुग्णालयात, मणक्याच्या रुग्णांच्या वॉर्डात व्हायला हवी. आपले आकडे आपण गोळा करायला हवेत. हे पुस्तक वाचून एखाद्या तरुण डॉक्टरला किंवा लॅब टेक्निशियनला ते काम हाती घ्यावेसे वाटले, तर त्याने ते आजच सुरू करावे.

खडकी, पुणे